वॉर्डातला स्पीकर जीव वाचवण्यासाठीच वाजू द्या : आमच्या रुग्णालयाच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक आणि प्रशासन विभाग, आमचे रुग्णालय;
तसेच कोकणात जिथे जिथे वॉर्डांच्या छतात असे उद्घोषणेचे स्पीकर बसवले जात आहेत, त्या सर्व रुग्णालयांचे प्रमुख.

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एका सिस्टरच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. प्रसूती विभागातल्या एक्लॅम्पसिया रूमच्या, म्हणजे झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या खोलीतल्या, स्पीकरवर तिने कापसाचा पॅड लावून वर चिकटपट्टी मारली, म्हणून. ‘यंत्रणेत विनापरवानगी हस्तक्षेप’ असे नोटिशीतले शब्द आहेत. तिने खुलासा दिला आहे. पण हा प्रश्न तिच्या एकटीच्या खुलाशाने मिटणारा नाही. तिने जे केलं त्यामागे आम्हा सगळ्यांचं म्हणणं आहे : वॉर्डातला स्पीकर फक्त जीव वाचवण्यासाठी वाजावा. ते आम्ही आधी तोंडी सांगितलं, मग अर्जावर सह्या करून आवक नोंदीत दिलं, मग मासिक बैठकीत मांडलं. त्याचं उत्तर आलं नाही, नोटीस मात्र आली. म्हणून आता लोकांसमोर लिहिते आहे.

मी याच रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, सगळे वॉर्ड केलेत. राहते आवारातल्याच क्वार्टर्समध्ये. माझा मुलगा इथल्याच लेबर रूममध्ये जन्मला आणि माझे वडील इथल्याच मेल मेडिसिनमध्ये गेले. या इमारतीची बदनामी करून मला काहीच मिळवायचं नाही. उलट इथे येणारा माणूस इथून बरा होऊन, मान राखून घरी जावा एवढीच माझी इच्छा आहे.

ही स्पीकरची यंत्रणा का आली ते मला ठाऊक आहे आणि ते सांगणं न्यायाचं आहे. आमचा इंटरकॉम वळवाच्या विजांनी बसतो. जवळपास वीज पडली की एक्स्चेंजचं कार्ड जातं, दुरुस्तीचा माणूस घाट उतरून येईपर्यंत दिवसच्या दिवस जातात, आणि जे फोन वाचतात त्यांच्या तारा खाऱ्या हवेने गंजतात. पूर्वी अशा वेळी मामा, म्हणजे आमचे कक्षसेवक, कॉल बुक (डॉक्टरांना बोलावण्याची वही) घेऊन जायचे. डॉक्टर असतील तिथे गाठायचे, सही आणि वेळ घेऊन यायचे. आता मामा आहेत कुठे? जे निवृत्त झाले त्यांच्या जागा भरल्या नाहीत. कंत्राटावर आले ते तीन वॉर्डांत मिळून एक. निरोप न्यायला माणूस उरला नाही म्हणून निरोप छतातून यायला लागला. मग परिपत्रक निघालं : कॉल बुक बंद, सर्व बोलावणी उद्घोषणेवरूनच होतील, वॉर्डातला आवाज कोणी कमी करू नये.

तेव्हापासून दिवसभर आमच्या डोक्यावर काय वाजतं ते सांगते. कोण्या डॉक्टरांना कार्यालयात बोलावलंय. गेटसमोर लागलेली पांढरी बोलेरो हलवा. बायोमेट्रिक न केलेल्यांनी ताबडतोब करावं. भेटण्याची वेळ संपली, नातेवाइकांनी बाहेर जावं. जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी खिडकी क्रमांक अमुक. पाण्याची मोटर लावा. साहेबांचा दौरा आहे, सर्व विभागप्रमुखांनी पोर्चमध्ये यावं. यातलं एकही वाक्य खाटेवरच्या रुग्णासाठी नाही, तरी प्रत्येक वाक्य प्रत्येक खाटेवर पडतं. उद्घोषणा करणाऱ्या ताई कंत्राटी आहेत, हातात चिठ्ठी येईल ती वाचतात. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

आता एक्लॅम्पसिया रूमकडे येते, कारण नोटीस तिथली आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, त्या बाईला आपण तिथे ठेवतो. त्या खोलीत उजेड मंद, आवाज बंद, उगाच हलवाहलव नाही, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवलंय. तिला मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं. हे औषध झटके थांबवतं, पण जास्त झालं तर श्वासही थांबवू शकतं. म्हणून पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्याच असतात : गुडघ्यावर हॅमर मारल्यावर पाय उडतो का, मिनिटाला श्वास १६ च्या खाली तर नाही, आणि तासाला लघवी ३० मिलिलिटर तरी होतेय का. श्वास मोजायचा म्हणजे हातात घड्याळ, नजर तिच्या छातीवर, मनातल्या मनात आकडे. अकरा, बारा, तेरा... आणि डोक्यावरून : “पांढऱ्या रंगाची बोलेरो, गाडी क्रमांक...” मोजणी तुटते. पुन्हा पहिल्यापासून. त्याहून वाईट म्हणजे ती बाई दचकते. ग्लानीत असूनही सगळं अंग दचकतं, आई उशाशी असते ती घाबरून आमच्याकडे बघते. त्या रात्री आमच्या सिस्टरने तो पॅड लावला. लावण्याआधी तिने कार्यालयाला फोन करून त्या खोलीचा आवाज बंद करायला सांगितलं होतं. ‘आत्ता जमणार नाही, सकाळी बघू’ असं उत्तर मिळालं. सकाळपर्यंत ती बाई सुरक्षित राहायला हवी होती, आणि ती राहिली.

धनुर्वाताच्या रुग्णाचंही तेच. अचानक आवाज झाला तरी त्याचं अंग धनुष्यासारखं ताठतं, हे कोकणातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरांना विचारा. त्याच्यासाठी खोली अंधारी, शांत ठेवायची असते. त्या खोलीतही स्पीकर आहे. नवजात कक्षातही आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच सांगितलंय की नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाणं चिंतेचं आहे. आमच्या कक्षात दीड किलोचं बाळ आईच्या छातीवर कांगारू पद्धतीने निजलेलं असताना उद्घोषणा झाली की त्याचे हातपाय फेकले जातात आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि तिथे ड्युटी केलेल्या प्रत्येकीने पाहिलंय.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार आवाजाच्या त्रासाची नाहीच. ती अशी आहे की इतकं बोलल्यावर जे ऐकायलाच हवं ते कोणी ऐकत नाही. माणसाचं मन सततचा आवाज बाजूला सारायला शिकतं. त्यात आळस नाही, कामचुकारपणा नाही. दिवसभरात पन्नास निरोप दुसऱ्यांसाठी असतील तर एक्कावन्नावा आपल्यासाठी आहे हे कळायला दोन क्षण जास्त लागतात. कोड ब्ल्यूमध्ये, म्हणजे कोणाचं हृदय बंद पडल्याच्या पुकाऱ्यात, ते दोन क्षण कुठून आणायचे? अशा वेळी सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे तुम्हीच आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंत.

जुलैमध्ये घडलेलं सांगते. दुपारची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस. पाठीमागच्या पडवीवर पत्रे आहेत, त्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कोड ब्ल्यू पुकारला गेला फिमेल मेडिसिनसाठी. खाली ऐकू आलं ते ‘...मेल मेडिसिन’. डॉक्टर आणि मामा क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची गाडी) घेऊन तळमजल्यावरच्या मेल वॉर्डकडे धावले, आणि रुग्ण आजी वरच्या मजल्यावर. तिथली सिस्टर एकटी छाती दाबत होती, मिनिटाला शंभराच्या वर, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीला ओरडून जिन्याकडे पाठवलं होतं. आजी वाचल्या. त्या सिस्टरच्या हातांनी वाचल्या. त्या घटनेनंतर मी लिहून दिलं होतं की वॉर्डांना क्रमांक द्या, आधी मजला सांगा, आणि तीनदा सांगा. अजून तो कागद कुठल्या फायलीत आहे माहीत नाही.

यानंतर मी जे लिहिते आहे ते वाचताना कृपया थांबून विचार करा. ओपीडीच्या दिवशी एका गरोदर मुलीचं नाव, आडनाव आणि गाव पुकारून तिला समुपदेशन केंद्रात यायला सांगण्यात आलं, खोलीच्या क्रमांकासकट. ती खोली एचआयव्हीची आहे हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. खरं तर प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी होते, ती नेहमीची आहे, तिच्यात काहीही निघालेलं नव्हतं. पण बाकावर तिच्याच वाडीतल्या दोघीजणी बसल्या होत्या. ती घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली. पुढच्या तपासणीला ती आली नाही. आशाताई घरी गेल्या तेव्हा सासूने उंबऱ्यातूनच सांगितलं, आता आम्ही बाहेर दाखवतो. या गुप्ततेसाठी देशात कायदा झाला आहे, एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७. तो आम्हाला प्रशिक्षणात वाचून दाखवतात आणि मग आमच्याच छतातून एखाद्या मुलीचं नाव त्या खोलीशी जोडलं जातं. क्षयाच्या औषधांसाठी, गर्भपातासाठी, दारू सोडवण्याच्या समुपदेशनासाठी येणाऱ्यांचंही असंच होतं. मुंबईत गर्दीत नाव विरून जात असेल. इथे एका एसटीतून आलेली माणसं एकमेकांची आडनावंच काय, आजोळंही ओळखतात.

आणि स्पीकरवरून शवागाराकडे स्ट्रेचर मागवणं कृपा करून आजपासून थांबवा. ज्याचा माणूस आयसीयूत आहे तो बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. स्ट्रेचर आपल्यासाठीच मागवलं, असं त्याला वाटतं.

आम्हा कर्मचाऱ्यांना नावानिशी पुकारलं जातं, त्याबद्दलही बोलायला हवं. ‘सिस्टर अमुक, ताबडतोब कार्यालयात या’ हे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजलं की वॉर्डातले नातेवाईक त्या सिस्टरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. कार्यालयात गेल्यावर कळतं की रजेच्या अर्जावर तारीख राहिली होती. पावसाळ्यात आमच्याकडे फुरसं चावलेले लोक येतात, लावणीतून उठून, पायाला चिखल तसाच. त्यांना सर्पदंशाची लस सुरू केली की सुरुवातीचा वेळ खाटेजवळून हलायचं नसतं. ॲड्रेनलिन भरून ठेवलेलं असतं, कधी अंगावर पित्त उठेल, कधी बीपी पडेल सांगता येत नाही. अशा वेळी माझं नाव पुकारलं गेलं आहे. मी गेले नाही, आणि पुढेही जाणार नाही. पण ‘बोलावूनही आली नाही’ हे शंभर माणसांनी ऐकलेलं असतं. मी का गेले नाही ते मात्र कोणी ऐकलेलं नसतं.

दुपारी दोनचा ओव्हर हा वॉर्डातला सगळ्यात नाजूक वेळ. एक पाळी जाते, दुसरी येते, कोणाला काय दिलं, काय द्यायचं, कोणाला कसली ॲलर्जी, सगळं तोंडी सांगायचं असतं. नेमक्या त्याच वेळी भेटीची वेळ, योजनेची माहिती, गाड्यांचे क्रमांक. बालरोग विभागात अडीच किलोच्या बाळाचं जेंटामायसिन मिलिलिटरच्या दशांशात भरायचं असतं. बीपी हाताच्या यंत्रावर घेताना स्टेथोस्कोपमध्ये ठोका कधी सुरू झाला आणि कधी विरला हे ऐकायचं असतं. पोटातल्या बाळाचे ठोके मोजायचे असतात. आमचं निम्मं काम कानांचं आहे. ते कानच तुम्ही भरून टाकलेत.

रात्री तर याहून कठीण. एखादी म्हातारी बाई कशीबशी डोळा लागलेली असते, आवाजाने उठते आणि विचारते, “गो बाय, माझा नाव घेतल्यान काय?” नाही हो आजी, झोपा. अर्ध्या तासाने पुन्हा. घरी ज्यांना समुद्राच्या गाजेशिवाय दुसरा आवाज माहीत नाही अशी ही माणसं. त्यांना झोप लागावी म्हणून आपण गोळी देतो आणि छतातून त्यांना उठवतो. रात्रपाळी करून आम्ही क्वार्टर्सवर जातो तिथेही बाहेरच्या भिंतीवरचा स्पीकर खिडकीकडे तोंड करून आहे. दिवसा झोप झाली नाही, तर पुढच्या रात्री औषधं कोण देणार आहे? आम्हीच ना?

आपल्या फाटकाबाहेर शांतता क्षेत्राचा फलक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. कोणी म्हणेल की हे बाहेरच्या आवाजासाठी आहे, आतल्या उद्घोषणेसाठी नाही. असेल. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयाच्या वॉर्डांच्या आतली मर्यादा याहून कडक सांगितली आहे : रात्री सरासरी ३० डेसिबल, आणि अधूनमधून होणारा आवाजही ४० च्या वर नको. दर १२ मे रोजी ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला आपण हार घालतो, तिने रुग्णसेवेवर लिहिताना आवाजावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. आणि एवढं लांब कशाला जायचं? शिमग्यात पालखी आपल्या फाटकासमोरून जाते तेव्हा गावकरी ढोल थांबवतात. कोणी सांगावं लागत नाही. मानकरी हात वर करतात, ढोल थांबतात, पालखी पुढे गेली की पुन्हा सुरू होतात. वर्षातून एकदा येणाऱ्या देवाच्या पालखीचे ढोलही इथे थांबतात, तेवढी जाण आपण आत ठेवू शकत नाही का?

कोणी असं समजू नये की आम्हाला स्पीकर नकोच आहेत. आम्हाला ते हवेत, आणि चालू हवेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ती बातमी ऐकल्यापासून रात्रपाळीत मी आल्याआल्या आधी नवजात कक्षातले प्लग बघते. आग लागली तर सगळ्या इमारतीला एका क्षणात कळलं पाहिजे. मूल पळवलं गेलं तर सगळी दारं एका क्षणात बंद झाली पाहिजेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी चढतंय, खालचा वॉर्ड वर हलवा, हे सांगायला याच स्पीकरची गरज लागेल. पण आज लाइट गेली की स्पीकर बंद पडतो, कारण तो जनरेटरच्या लाइनवर घेतलेलाच नाही. म्हणजे बोलेरोसाठी तो चालतो आणि वादळात चालणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

आमच्या सहकारी सिस्टरची नोटीस लेखी मागे घ्यावी आणि तिच्या सेवापुस्तकात तिची कोणतीही नोंद होऊ नये. ही पहिली मागणी आहे आणि तिच्यात तडजोड नाही.

वॉर्डातल्या स्पीकरवरून फक्त चार गोष्टी सांगाव्यात : कोड ब्ल्यू, आग, मूल हरवणं किंवा पळवलं जाणं, आणि पूर-वादळासारखी आपत्ती. बाकी काहीही नाही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही, दौऱ्यासाठीही नाही. गाड्यांचं, योजनेचं, भेटीच्या वेळेचं जे सांगायचं ते पोर्चमध्ये आणि ओपीडीत सांगा. रात्री १० ते सकाळी ६ तेही नको.

एक्लॅम्पसिया रूम, धनुर्वाताची खोली, नवजात कक्ष आणि आयसीयू यांचे स्पीकर काढून तिथे सिस्टरच्या टेबलावर दिवा लागेल आणि फोन वाजेल अशी सोय करावी. निदान या खोल्यांचा आवाज वेगळा कमी करता येईल अशी जोडणी तरी याच आठवड्यात व्हावी. ती करायला मोठा खर्च येत नाही, हे आपल्याच इलेक्ट्रिशियनने मला दाखवून दिलंय. क्वार्टर्सकडे तोंड केलेला स्पीकर फिरवावा.

रुग्णाचं नाव आणि विभाग एकत्र कधीही पुकारू नये. टोकन नंबर द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दाराशी एक मावशी उभी करा, ती जाऊन हळू आवाजात सांगेल.

कोड ब्ल्यूचं वाक्य ठरवून लिहून ऑपरेटरच्या टेबलावर चिकटवावं : आधी मजला, मग वॉर्डचा क्रमांक, मग खाट, तीन वेळा, मराठीत. ‘मेल’ आणि ‘फिमेल’ हे शब्द त्यातून काढून टाकावेत.

इंटरकॉम दुरुस्त करून त्याला विजेपासून संरक्षण बसवावं. तोपर्यंत प्रत्येक वॉर्डला एक साधा मोबाईल द्यावा आणि कॉल बुक पुन्हा सुरू करावं. कॉल बुक न्यायला माणूस लागतो, म्हणून कक्षसेवकांच्या रिकाम्या जागांचा प्रस्ताव वर पाठवावा आणि त्याची प्रत आम्हाला दाखवावी. ही मागणी तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे मला कळतं. पाठपुरावा करणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि त्यात आम्ही सह्यांनिशी तुमच्यासोबत उभ्या राहू.

स्पीकर जनरेटरच्या लाइनवर आणि वेगळ्या बॅटरीवर घ्यावा. मेअखेर, पाऊस सुरू होण्याआधी त्याची चाचणी करावी, आणि जुलैत ऐन पावसात पुन्हा करावी. त्या वेळी तुम्ही स्वतः पाठीमागच्या पडवीजवळ, पत्र्याखाली उभं राहून कोड ब्ल्यू ऐकू येतो का ते बघावं. तुमच्यासोबत एक सिस्टर, एक मामा आणि एक मावशी असावी, कारण धावायचं त्यांना आहे.

या पत्राचं उत्तर लेखी हवं आहे, मुद्देसूद, आणि ते मेट्रन ऑफिसबाहेरच्या नोटीस बोर्डावर लावावं. महिनाअखेरपर्यंत ते लागलं नाही तर आम्ही सर्व पाळ्यांच्या सह्या घेऊन, जुने अर्ज जोडून वरिष्ठांकडे जाणार आहोत. रुग्णांचं काम एक मिनिटही न थांबवता जाणार आहोत.

आपली नम्र,
रात्रपाळीवरची एक अधिपरिचारिका